चुडामण नानांची लांब वायर

नरडाण्याच्या एमआयडीसीत केळीबागांच्या ठिबकसाठी कंट्रोलर बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. तिथला बोर्ड पास की नापास, हे चुडामण नाना ठरवतात. स्वभाव असा, की बायकोच्या, लताबाईंच्या भाजीत चिमूटभर मीठ जास्त पडलं तरी हा माणूस जेवायच्या आधी ते किती जास्त हे सांगणार.

बोर्डावरची चिप ३.३ व्होल्टची. सिग्नल वर जाताना जरा जास्तच उसळतो, उतरताना शून्याच्याही खाली डोकावतो. वासरू दावं ताणतंच, तसंच हे. पण ताणायलाही मर्यादा असते: वर ३.६, खाली शून्याखाली ०.३. त्यापलीकडे रोज मार बसला तर चिप कधीतरी दगा देते, आणि भर उन्हाळ्यात सावद्याची बाग कोरडी राहते. म्हणून नाना कुणाचीच भीड ठेवत नसत.

शिरपूरच्या कामिनीचा हा पहिलाच बोर्ड, आठ महिन्यांची मेहनत. आज नापास झाला तर मालक योगराजभाऊ जुनाच बोर्ड चालू ठेवणार होते. सिग्नल मोजणाऱ्या नानांच्या स्कोपच्या पडद्यावर तो ४.१ वर गेला. त्यांनी लाल फुली मारली.

"बेटा, वाईट वाटस, पन मर्यादा ती मर्यादा."

कामिनीचे डोळे भरून आले. ती वाद घालायला नाही, नुसतं बघायला पुढे झाली, आणि तिला प्रोबची, म्हणजे स्कोपच्या मोजणीच्या टोकाची, अर्थिंगची वायर दिसली. वीतभर लांब होती.

"नाना, ही एवढी?"

"दिवाळीपासून कंबर धरेल शे. वाकाले जमत नही, म्हनीसन वाढाडी."

कामिनीने ती काढली, तिच्या जागी बोटाच्या पेराएवढी स्प्रिंग लावली आणि पिनेला टेकवली. ३.५ आले. शून्याखाली ०.२. नानांनी पुन्हा लांब वायर लावली: ४.१. पुन्हा स्प्रिंग: ३.५. उसळी बोर्डाची नव्हतीच, वायरची होती. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारे आपणच, हे नानांना कळलं आणि त्यांचे कान तापले.

कामिनीचा बोर्ड पास झाला. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण नाना कपाटाकडे गेले. दिवाळीनंतरचे लाल फुलीचे एकेचाळीस बोर्ड तिथे होते, आणि सगळ्यात वर तेजसचा. नापास झाल्यावर त्या पोराने डिझाइन सोडून जळगावच्या दुरुस्ती केंद्रात बदली मागून घेतली होती. नाना कंबर दाबत वाकले आणि त्यांनी स्प्रिंग लावून तो आधी मोजला. ३.४.

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"तेजस, मी चुडामण. तुना बोर्ड पास शे. चूक मन्ही व्हती."



"नाना," तेजसने जपून विचारलं, "तुम्हनी तब्येत बरी शे ना?"

"कंबर दुखस," नाना म्हणाले. "तू परत कवय येस, ते सांग."