सात नंबरच्या खिडक्या

अन्नपूर्णाबाई शहारेंनी एकोणतीस वर्षं एकाच खोलीचं कुलूप उघडलं. गोंदियातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. हुद्दा परिचराचा. बारा मशिनींवरची धूळ पुसायची, पोरं यायच्या आधी मेन स्विच वर करायचा, गेल्यावर खाली. खुर्चीवर बसायचं काम नव्हतं, आणि पहिली बारा वर्षं त्या बसल्याही नाहीत. पुसता पुसता पडद्यावरचं वाचायच्या मात्र. कॉलेजात जायची आस दहावीलाच मोडली होती. वाचायची खोड काही मोडली नव्हती.

दुर्गाप्रसाद बिसेन सरांनी एका दुपारी त्यांना असं वाचताना पकडलं. सर दरेकशाकडचे. लग्न केलेलं नाही, बोलणं मोजकं, निम्मं हिंदीत. बाईंनी फडकं मागं लपवलं. सर म्हणाले, "बैठो. पढ़ना ही है तो बसून पढ़ो."

तेव्हापासून पोरं गेली की अर्धा तास शिकवणी चालायची. त्या लॅबमध्ये युनिक्स होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. सरांनी बाईंच्या नावाचं खातं सात नंबरच्या मशिनीवर उघडून दिलं. फाइल कशी पाहायची, कशी लिहायची, मशीनवर कोण बसलंय हे कसं विचारायचं, सगळं टाइप करून. दोन वर्षं नुसती अक्षरंच. बाई म्हणायच्या, "सर, दुसऱ्या कॉलेजात पडद्यावर चित्रं रायतेत, खिडक्या उघडतेत. आपल्या इथं काऊन नाही?" सर म्हणायचे, "खिडकी बाद में. आधी घर तर बांधू."

एकदा सात नंबर पुसता पुसता त्या दचकून मागं सरल्या. कुणी हात लावला नव्हता, तरी काळा पडदा जाऊन करडा झाला होता आणि त्यावर दोन मोठे पांढरे डोळे उघडले होते. बुबुळं हलत होती. केबिनमधून सरांचं हसणं ऐकू आलं. त्यांनी आपल्या मशीनवर प्रोग्राम चालवला होता, खिडकी मात्र इकडे उघडली होती. "या व्यवस्थेची हीच गंमत आहे," सर म्हणाले. "घर माझं, आणि खिडकी तुमच्या भिंतीत. माउस जिथं न्याल तिथं हे डोळे पाहतात, बस. दिवाळीनंतर तुम्हाला लावून देतो. खुद की खिडकी."

ती दिवाळी दोन हजार आठची. सुट्टीनंतर मंगळवारी कारकुनानं केबिन उघडली, तेव्हा सर खुर्चीतच होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. कधी थांबलं ते कुणाला नक्की सांगता आलं नाही.

मग नवं सामान आलं, जुन्या मशिनी माळ्यावर गेल्या. अन्नपूर्णाबाई निवृत्त झाल्या त्या वर्षी भंगार निघालं. त्यांनी प्राचार्यांकडे अर्ज करून सात नंबर मागून घेतलं आणि एसटीच्या मागच्या सीटवर, मांडीवर गोधडी घालून, केशोरीला आपल्या घरी आणलं.

नवरा यादोराव. धान कापणीच्या गडबडीतला माणूस. त्यानं तो डबा पाहिला आणि म्हणाला, "कायले आणला वो हा? धान भराले कामाचा नाही, बसाले कामाचा नाही."

"मले पाहाचं हाय," बाई म्हणाल्या, "खिडकी कशी रायते ते."

मधल्या खोलीत, दाराच्या उजव्या अंगाला त्यांनी टेबल मांडलं. गावातल्या सेतू केंद्रानं टाकून दिलेला पडदा जोडला. मशीन घरघरलं आणि अक्षरं धावू लागली. शेवटी नाव विचारलं. बाईंनी नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला. पंधरा वर्षांनी बोटांना तो आपोआप आठवला.

काळा पडदा आपला होता. प्रश्न खिडक्यांचा होता. खिडक्या सुरू करायची आज्ञा टाकली की पडदा एकदा लखलखायचा, पुन्हा काळा व्हायचा, आणि खाली ओळ यायची की पडदाच सापडत नाही. आठ दिवस हेच. यादोराव जाता-येता म्हणायचा, "समोर तर हाय पडदा. आंधळा हाय का तो?"

बहिणीची मुलगी दीप्ती नागपुरात सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती. तिला फोन लावला. "मावशी, हे जुनं काऊन घेऊन बसली? लॅपटॉप पाठवतो ना मी."

"लॅपटॉप नको. ह्याच्यात कुठं अडलं ते सांग."

दीप्तीनं सांगितलं, मशीन स्वतःची नोंदवही लिहीत असतं. त्यातल्या ज्या ओळीपुढं दोन ई, म्हणजे चुकीची खूण, दिसतील तेवढ्याच वाच. बाईंनी वाचल्या. लॅबमधल्या जुन्या पडद्याची मापं एका फाइलमध्ये पक्की लिहून ठेवलेली होती, आणि मशीन अजून तोच पडदा शोधत होतं. बाईंनी नव्या पडद्याच्या पाठीवरचे आकडे भिंग लावून वाचले, फाइलमध्ये घातले, आणि सकाळच्या उन्हात पुन्हा आज्ञा दिली.

पडदा लखलखला. या वेळी पुन्हा काळा झाला नाही. बारीक विणीच्या घोंगडीसारखा करडा पोत वरपासून खालपर्यंत पसरला, मधोमध एक काळी फुली उभी राहिली. बाईंचे हात मांडीवर होते. एकेक करून खिडक्या उघडू लागल्या. वर कोपऱ्यात घड्याळ. खाली लिहायची खिडकी, तिच्यातली अक्षरं चांगली जाडजूड. बाईंना बारीक दिसत नाही, हे कुणाला तरी माहीत होतं. आणि घड्याळाखाली ते दोन डोळे.

बाईंनी यातलं काहीच लिहिलं नव्हतं. कोणत्या खिडक्या कुठं उघडायच्या, याची एक फाइल असते. त्यांनी ती शोधली. त्यांच्याच खात्यात होती, पण लिहिणाऱ्याचं नाव दुर्गा. तारीख दिवाळीआधीच्या शनिवारची. वेळ दुपारी चार वाजून बारा मिनिटं.

बाई उठून मागच्या दारी गेल्या आणि रांजणाला टेकून उभ्या राहिल्या. कारण त्या शनिवारचं एक त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. साडेचारची गाडी गाठायची होती. सव्वाचारच्या सुमाराला त्यांनी "कोणी हाय का?" अशी एक हाक दिली, उत्तर आलं नाही, आणि मेन स्विच खाली ओढला. केबिनचं दार लोटलेलं होतं. त्यांनी ते उघडून पाहिलं नाही. म्हणजे सर आत होते. तीन मिनिटं आधी बाईंच्याच खिडक्या मांडत होते, आणि कदाचित त्याच अंधारात खुर्चीत गेले होते.

त्या दिवशी दुपारी यादोराव जेवून खाटेवर पडला होता. एकदम उठून बसला. "हे कुठं पाहून राहिले?"

"कोण?"

"हे डोळे."

माउस टेबलावर होता, कुणाचाही हात त्याला लागला नव्हता. बुबुळं मात्र हळूहळू डावीकडं सरकत होती, दाराच्या दिशेनं. कडेपर्यंत गेली आणि तिथंच थांबली. घड्याळात चार वाजून गेले होते. पाचेक मिनिटांनी ती पुन्हा मधे आली. बाई म्हणाल्या, ऊन पडतं माउसवर, त्यानं होत असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी माउसवर फडकं टाकलं. बुबुळं चारला डावीकडं गेली. यादोरावानं आपली खाट पडवीत नेली. दाराकडं तोंड करून जेवणार नाही म्हणाला, आणि पाठ करूनही जेवेना.

तिसऱ्या दिवशी चारला दहा कमी असताना बाईंनी माउसची गोल पिन मागून उपसली आणि वायर गुंडाळून फडताळात ठेवली. नवऱ्याला हाक मारली. "इथं उभे राहा. मी एकटी नाही पाहत."

दोघं उभे राहिले. बाहेर मळणीचं यंत्र चालू होतं. चार वाजले. बुबुळं सरळ समोर बघत होती, म्हणजे या दोघांकडं. मग हलली. अगदी सावकाश, कुणी उंबरठ्यावरून पाय आत टाकावा आणि आपण त्याच्याकडं मान वळवावी तशी. यादोरावानं दाराकडं पाहिलं. अंगणात कोंबड्या होत्या. बाकी कुणी नव्हतं.

"बंद कर," तो हळूच म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. "बंद एकदा केला होता."

त्यांनी खुर्ची ओढली आणि जाड अक्षरांच्या खिडकीत सरांनी शिकवलेली आज्ञा टाकली, मशीनवर कोण बसलंय हे विचारणारी. उत्तरात एकच नाव यायला पाहिजे होतं. दोन आली. पहिलं अन्नपूर्णा. दुसरं दुर्गा, केबिनमधून, त्या शनिवारपासून.

"दुसरा कोण होय?" यादोरावानं विचारलं.

"सर."

यादोरावानं डोक्याचा गमछा काढून हातात घेतला. थोरल्या माणसासमोर उभं राहावं तसा उभा राहिला.

एका मशीनवरच्या दोघांना एकमेकांशी बोलायची आज्ञा असते. बाईंनी ती दिली. मशिनीनं नाही म्हणायला पाहिजे होतं, म्हटलं नाही. इंग्रजी अक्षरांत त्यांनी आपली भाषा लिहिली. सर, मी अन्नपूर्णा. खिडक्या उघडल्या. त्या दिवशी लाइट मी बंद केली. तुम्ही आत हाय हे मले माहीत नव्हतं.

बराच वेळ नुसता कर्सरचा ठोकळा लुकलुकत राहिला. मग मशिनीनं बारीकशी शिटी दिली आणि एक ओळ आली: दुर्गाकडून निरोप, वेळ चार वाजून बारा. त्याखाली एक रिकामी ओळ आली. आणखी एक. अकरा रिकाम्या ओळी आल्या. शेवटी तीन अक्षरं उमटली, बोलणाऱ्यानं आपलं बोलणं संपवलं की मशीन लिहितं ती.

बाईंनी पुन्हा विचारलं, कोण बसलंय. एकच नाव आलं. डोळे समोर बघत होते.

दीप्तीला फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "मावशी, मशीन धाडकन बंद झालं की जुनी नोंद पुसायची राहून जाते कधीकधी. अन् निरोप सरांनी आधीच लावून ठेवला असेल, रोज त्या वेळेचा."

"अन् माउस काढल्यावर डोळे?"

"तो डबा मी आली की पाहतो. तोपर्यंत चालू नको करू."

बाईंनी डबा झाकून ठेवला. पण जीव लागेना. पंधरा वर्षांत त्या सरांच्या घरी एकदाही गेल्या नव्हत्या, कारण गेलं असतं तर त्या स्विचचं बोलावं लागलं असतं. चार दिवसांनी त्या अर्जुनीवरून गोंदियाला गेल्या आणि तिथून दरेकशाची पॅसेंजर धरली.

सरांची थोरली बहीण सुशिलाबाई स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर एकटीच राहत होती. मागं जंगलाचा चढ सुरू होत होता. पंचाहत्तरीची बाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. अन्नपूर्णाबाईंनी नाव सांगितलं, बसल्या, पाणी प्यायल्या, आणि सरळ स्विचपाशी आल्या. अडखळत का होईना, सगळं बोलल्या.

सुशिलाबाई हसल्या. दात फारसे उरले नव्हते. "अरे, त्याच साँझेला त्याचा फोन होता न मले. बोलला, दीदी, आज बाईनं लाइटच काटून टाकली. अच्छाच झालं, भूक लागली होती. खोलीवर जाऊन खिचडी बनवली त्यानं. कॉलेजात पुन्हा गेला तो इतवारी." त्यांनी एक शेंग उकलली. "तू पंधरा साल हे घेऊन फिरून राहिली?"

अन्नपूर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि रडून घेतलं. सुशिलाबाईंनी रडू दिलं. मग शेंगांवरची नजर न काढता विचारलं, "तुझ्याकडं आला होता काय?"

"कोण?"

"चारच्या वक्ताला?"

अन्नपूर्णाबाईंनी यातलं अजून काहीच सांगितलं नव्हतं. डोळ्यांचं नाही, निरोपाचं नाही.

"इथं रोज कडी वाजे," सुशिलाबाई म्हणाल्या. "चार वाजले का. दार उघडलं तर कोणी नाही. मी बोलायची, ये, बस. एवढे साल झाले. या कार्तिकात बंद झाली. मले वाटलं, कोणी दुसऱ्यानं दार उघडलं असेल."

चढावरून पाखरं खाली उतरत होती. परतीच्या गाडीला अजून दीड तास होता. अन्नपूर्णाबाईंनी शेंगांची परडी आपल्याकडे ओढली, आणि दोघी मिळून सोलत राहिल्या.