हिरव्या वायरीची चूक

मला लिहायची सवय नाही. रेल्वेत पॉइंट्समन होतो तेव्हा रजेचे अर्ज लिहिले, तेवढेच. हेही नीट जमेल असं वाटत नाही. पण सुकेशनीबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

चुडावा स्टेशनच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याचं, धम्मानंदचं, मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तिचं माहेर सोनपेठचं. लग्नानंतर नवऱ्याशेजारी बसून काम शिकली. आता धम्मानंद विहिरींवरून जळालेल्या मोटारी काढून आणतो आणि त्यांत नवी तार ती भरते. नवीन गिऱ्हाईक दारातून विचारतं, "मालक कुठं हायत?" ती मान वर न करता म्हणते, "मालक मोटार काढायला गेलेत. भरणारी मीच हाय, बोला." तारेचे वेढे मोजत असली तर तेवढंही बोलत नाही, नुसतं एक बोट वर करते. ते खाली येईपर्यंत सरपंचही उभा राहतो.

मी तिच्याकडे गेलो तो मोटार घेऊन नव्हे. आमची भीमगीतांची गायन पार्टी आहे. तीत मी चाळीस वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. अलीकडे गिटारीतून सारखी घरघर यायची, मंडपातल्या ट्यूबलाइट लागल्या की जास्तच. आमचा मुख्य गायक सिद्धोधन मिक्सरवर माझा आवाज कमी करत करत इतका खाली आणायचा की मी वाजवतोय की नाही, मलाच कळेना. यंदा बुद्धपौर्णिमेच्या आधी तो घरी आला.

"काका, राग मानू नका. ह्या बारीला बी घरघर आली तर कीबोर्डवर भागवू. तुमी समोर बसून ऐका."

राग कसला येणार? माझीच बोटं बिघडली असावीत, असं मला वाटत होतं.

नात निकिता म्हणाली, बोटं ठीक आहेत, पिकअप जुने झालेत. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारीची तार हलली की आवाज तोच पकडतो, आणि जुना असला तर बाहेरची घरघरही पकडतो. निकितानं मोबाइलवरून दोन नवे मागवले. एकाच कंपनीचे दोन मिळेनात, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे आले. बसवायला मात्र कुणी तयार होईना. शेवटी गिटार चादरीत गुंडाळून सुकेशनीच्या बाकावर जाऊन बसलो. विचारायला धीर होईना.

तिच्या सासूनं, सरजाबाईंनी, विचारलं, "सितारामभाऊ, चादरीत काय झोपवलंय?"

मी उघडून दाखवलं. सुकेशनीनं गिटारीचं झाकण खोलून आत पाहिलं आणि ती हसली. "मामा, ही तर आमचीच भावकी. तांब्याची तार अन् वेढे."

"लोकाचा ऊस वाळायलाय," सरजाबाई म्हणाल्या, "अन् ही ह्यांची मोटार भरायलीय."

दोन तासांत तिनं दोन्ही पिकअप बसवले. घरघर बंद झाली. पण दोन्ही एकदम चालू केले की सूर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ निघायचा, पोटात काहीच नाही. गाण्यांना तर मी दोन्ही मिळूनच वाजवतो. मी म्हणालो, "राहू दे पोरी. माझ्या बोटातच दम न्हाई. सिद्धोधनला सांगतो, कीबोर्ड आण."

तिनं एक बोट वर केलं.

"आता एकेक वाजवून दावा."

पहिला एकटा वाजवला, भरदार. दुसराही भरदार.

"एकेकटे चांगले, मिळून वाईट," ती म्हणाली. "मंजे एकमेकाच्या उलट चालायलेत. मामा, पंपाची मोटार उलटी फिरली तर काय करतेत?"

"दोन वायरी बदलतेत."

"मग?"

तिनं सोल्डरिंगचे डाग वितळवून दुसऱ्या पिकअपच्या दोन वायरी सोडवल्या. "चूक माझी हाय. आमच्या धंद्यात हिरवी वायर मंजे अर्थिंगची. मी दोनीकडं हिरवी अर्थिंगला लावली. ह्या दुसऱ्या कंपनीच्यात आवाज हिरवीतूनच येतो. तुमची बोटं कामून मधी आणलाव?"

वायरी बदलल्या. मी सूर छेडला. तसा स्वच्छ, गोल सूर माझ्या हातातून कधी निघाल्याचं मला आठवत नाही. मी पुन्हा पुन्हा तोच वाजवत राहिलो. सरजाबाईंनी सुपारी कातरणं थांबवलं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारासमोर मंडपात सिद्धोधननं सवयीनं मिक्सरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळला. "काका, वायर लावली न्हाई का? काईच आवाज येईना, घरघर बी न्हाई."

"लावलीय," मी म्हणालो आणि वाजवलं.

त्यानं बटण खाली नेलं नाही, वर नेलं. पहिलं गाणं संपल्यावर म्हणाला, "मागं कामून बसलाव? म्होरं सरका." मी सतरंजीवर हातभर पुढे सरकलो.

बायकांत सुकेशनी बसली होती. सरजाबाई शेजारणीला ऐकू जाईल असं सांगत होत्या, "ती मोटार आमच्या सुनेनं भरलीय."

माइक माझ्यापासून वीतभर होता. तिचं नाव घ्यावं असं फार वाटलं, पण हात माइकऐवजी गिटारीकडेच गेला. पुढचं गाणं सुरू झालं आणि मी वाजवत राहिलो. तेव्हा राहिलेलं आज इथं लिहून ठेवलं.