बशीतलं मीठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मामांना ओळखत नाही — आणि मलाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका कचेरीत मी कारकून होते. माझ्या टेबलामागं कपाटांची रांग, त्यापलीकडं, त्याच खोलीत, जुनं रेकॉर्ड. ते सांभाळायचे काशिनाथ, येरमाळ्याचे. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. जुने कागद कपड्यात बांधून ठेवलेले. खिडकीत मामांनी एक बशी ठेवली होती, खडेमिठाची. मीठ कोरडं, तर हवा ठीक. मिठाला पाणी सुटलं, की मामा उठून कूलर बंद करायचे आणि खिडक्या सताड उघडायचे. "ओल अन् वाळवी सख्ख्या बहिणी हायती, बाई," म्हणायचे.

कूलर मीच भांडून आणवला होता. पन्नाशी आलेली. बसल्या बसल्या अंगातून वाफा निघायच्या, आणि सांगणार कुणाला? खिडकी उघडली की झळ अन् धूळ सरळ माझ्या तोंडावर. याला कारण म्हणू नका, मीही म्हणत नाही. बंद खोलीत कूलर चालवला की ओल धरते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. मामांनीच दहादा सांगितलं होतं.

मग एका सकाळी — मी घरून पुडीत मीठ नेलं. मामांची एसटी दहाला यायची. त्याआधी पाघळलेलं मीठ मोरीत ओतलं, बशी पुसली, कोरडं भरलं. दुपारी ते डबा खायला गेले की पुन्हा. एकच दिवस? छे, दोन उन्हाळे. मामा खडा चिमटीत धरून बघायचे, मान डोलवायचे, खिडक्या बंदच ठेवायचे. मला त्यांचं हसू यायचं. हो, हसू.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी कसलासा जुना कागद हवा होता म्हणून एक गठ्ठा सोडला. आत काळी बुरशी, पानाला पान चिकटलेलं. मग दुसरा, मग तिसरा. साहेबांनी मामांना सगळ्यांसमोर उभं केलं. मामा बशी घेऊन आले — दोन्ही हातांत धरून. "साहेब, मीठ कोरडं हाय. रोज बघतोय म्या. मिठानं कधी दगा दिला न्हाय."

सगळी कचेरी हसली. मीसुद्धा. पुडी तेव्हा माझ्या पर्समध्येच होती.

निष्काळजीपणाची नोटीस निघाली, ऐन निवृत्तीच्या तोंडावर. मामांनी सही करून ती घेतली. बशी मात्र पुन्हा दिसली नाही. गठ्ठा माझ्यासमोर धरून विचारायचे, "बाई, हात लावून बघा जरा, कोरडं हाय का?" मिठाचा खडा नुसता चिमटीत धरला की ज्यांना ओल कळायची, ते मला विचारत होते. मला! आणि मी हात लावून सांगायचे.

परवा येरमाळ्याला देवीला गेले होते. मामांनी रस्त्यात ओळखलं, आग्रहानं घरी नेलं. सुनेला म्हणाले, "ह्या आमच्या कचेरीतल्या बाई. लई सांभाळून घेतलं मला." मग दोरीवरचं धोतर काढलं आणि तिच्यापुढं धरलं, "वाळलंय का गं हे? मला काय कळत न्हाय आता."

भर उन्हातलं धोतर. कडकडीत वाळलेलं, लांबूनही दिसत होतं. सुनेनं हात लावून 'वाळलंय' म्हटलं, तेव्हा कुठं त्यांनी घडी घातली.

मी चहा घेतला आणि निघाले.