बहात्तर नंबरचा रिमोट

सोमलिंग जॉबरच्या हाताला दोन वास होते. एक मागाच्या तेलाचा. तो कबनूरच्या निम्म्या गड्यांच्या हाताला असतो. दुसरा एरंडेलाचा, आणि तो मात्र सगळ्या पंचक्रोशीत एकट्या सोमलिंगचा. कारण त्याच्या विमानाचं इंजिन एरंडेल प्यायचं.

दिवसभर बिघडलेले माग सुरू करून द्यायचे, ही त्याची नोकरी. उरलेला जीव विमानात. पंख थर्माकोलचे, कणा बांबूच्या कामटीचा, तारा मागावरच्या. इंजिन तेवढं विकतचं, मुठीत मावेल एवढं. पण ते विमान सात वर्षं दोरीला बांधूनच फिरलं. सोमलिंग माळावर मध्ये उभा राहायचा आणि विमान त्याच्याभोवती मळणीच्या बैलासारखं गरागरा. उतरलं की दोघंही झोकांड्या खायचे.

त्याची बायको शांतव्वा लांबून ओरडायची, "अवो, एकदा दावं सोडून बघा की त्येचं!"

दावं सोडायचं तर रिमोट पाहिजे. आणि रिमोट घ्यायचा योग आला तो तोंडाच्या वाफेमुळं.

१९९९चा चैत्र जवळ आला होता. वस्तीवरच्या लक्ष्मीच्या जत्रेला महिना राहिला होता. चहाच्या गाड्यावर सोमलिंग बोलून गेला, "यंदा पालखीवर फुलं माझं इमान टाकणार."

बाकावर सयाजी बसला होता. ऊसवाला माणूस, दारात जीप. मुंबईहून तयार विमान आणून तो जयसिंगपूरकडच्या आपल्या रानात उडवायचा. तो बशीतला चहा न सांडता हसला.

"दाव्याचं इमान पालखीवर न्हेणार व्हय, मिस्तरी? देवीलाच गुंडाळशील दोरीत."

"दावं सुटलं म्हणा, सयाजीराव."

"मग मी बी उडवतो. ज्येचं इमान पडंल, त्येनं आपला रिमोट समोरच्याच्या हातात द्यायचा. हाय तयारी?"

"हाय."

"पर तुझ्याकडं रिमोट हाय का?"

"न्हाय," सोमलिंग म्हणाला. "आणतो की."

असा, घरात नसलेला रिमोट पणाला लावून तो घरी आला. शांतव्वानं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "हरायसाठी का असंना, चांगला बघून आणूया. मी बी येते."

पुण्याच्या एका अरुंद बोळातल्या दुकानात दोघं जाऊन बसली. दुकानदारानं काचेवर तीन रिमोट मांडले. दोन कामांचा, चार कामांचा, सहा कामांचा. दोन कामांच्यात विमान वळतं आणि वरखाली होतं. चार कामांच्यात इंजिनाचा वेग आणि पंखांचा कलही हातात येतो. सोमलिंगचा हात चारवर गेला.

"आणि फुलं कोण टाकणार?" शांतव्वानं विचारलं. "त्येचं बटण दावा आधी."

दुकानदारानं मान हलवली. फुलांच्या डब्याचं झाकण हे पाचवं काम. पाचाचा नव्हता, सहाचा होता.

"सहावं कशाला?" सोमलिंग पुटपुटला.

"असू द्या. कोण पावणं आलं तर."

मग दुकानदारानं सहा कामांचे दोन रिमोट पुढं केले. एकात इंजिनाची दांडी डाव्या हाताला, दुसऱ्यात उजव्या. सोमलिंगनं डोळे मिटले. एकेक रिमोट हातात धरून तो नुसता उभा राहिला. वीस वर्षं मागाचा दांडा त्यानं डाव्या हातानं ओढला होता. डावा अंगठा आपसूक पुढं सरकला, तसे त्यानं डोळे उघडले.

"ह्यो. हातानं वळखला."

"आता नंबर सांगा," दुकानदार म्हणाला. प्रत्येक रिमोटमध्ये चिंचोक्याएवढा एक क्रिस्टल असतो आणि त्याला नंबर असतो, असं त्यानं समजावलं. "एकाच नंबरचे दोन रिमोट एका ठिकाणी चालू करायचे नाहीत. विमान कुणाचंच ऐकत नाही मग. पडतं."

शांतव्वा कान देऊन ऐकत होती. सोमलिंग मात्र यादीवर बोट फिरवत होता. आता आमच्या जिल्ह्यातला माणूस नंबर कसा बघतो, हे सांगायला पाहिजे. आमच्या गाड्यांवर एमएच शून्य नऊ आलं. तेव्हापासून नवाचं आम्हाला असं काही लागलंय, की गाडी घेताना रंग कुठलाही चालतो, पण नंबराची बेरीज नऊच व्हावी लागते.

"बहात्तर द्या," सोमलिंग म्हणाला. "सात आन् दोन नऊ."

दुकानदार गल्ल्यामागं वाकून हसला. "कोल्हापूरकडचे का?"

बोलण्यावरनं ओळखलं असेल, असं सोमलिंगला वाटलं. गावात आल्या आल्या त्यानं रिमोटच्या पाठीवर रेडियमचा झळझळीत ७२ चिकटवून घेतला.

जत्रेच्या दिवशी माळ माणसांनी भरला. पालखी वेशीतनं निघाली होती. सोमलिंगच्या विमानाच्या पोटाला साबणाचा डबा बांधला होता आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या. डाव्या अंगठ्यानं दांडी पुढं गेली आणि ते विमान उठलं. दोरी नाही, दावं नाही. वर गेलं, वळलं, उन्हात पंख चमकले. सात वर्षं गोल फिरलेलं ते विमान पहिल्यांदा सरळ गेलं, तेव्हा सोमलिंगच्या तोंडाचा आ झाला आणि तो मिटायचं विसरला.

इतक्यात सयाजीनं जीपशेजारी आपला रिमोट काढला, एरियल लांब ओढली आणि तयारी म्हणून चालू केला.

विमान शहारलं. एक पंख खाली, एक वर. डबा नको तिथं उघडला आणि सगळा झेंडू चहाच्या गाड्यावरच्या दुधात. पाठोपाठ विमान उसात.

"आरं माझं दूध!" गाडेवाला गुंडू ओरडला.

सोमलिंग हालेना. सयाजी हात पुढं करून आला. "आण, मिस्तरी. बोली ती बोली."

त्याच्या दुसऱ्या हातात त्याचा रिमोट होता. त्या रिमोटची पाठ शांतव्वाकडं होती, आणि पाठीवर रेडियमचा झळझळीत ७२.

शांतव्वानं तो आकडा बघितला. नवऱ्याचं बोट रिमोट बंद करायला चाललं होतं, ते तिनं अलगद धरलं.

"बंद करू नका. चालू हाय तवाच द्या, चारचौघांत. उद्या म्हणतील, जॉबरनं बिघडलेला दिला."

"खरं हाय, वैनी," सयाजी खूश झाला. एरियल ताणलेला, लाल दिवा लागलेला तो रिमोट त्यानं जीपच्या बॉनेटवर कुस्तीच्या ढालीसारखा उभा केला आणि वीस पावलं पुढं जाऊन गुलाबाचा डबा बांधलेलं आपलं विमान सोडलं.

जवळ होतं तोवर विमानानं मालकाचं ऐकलं. लांब गेलं आणि बिथरलं. गिरक्या घेत ते नेमकं पालखीवर आलं, तिथं डबा उघडला, गुलाबाच्या पाकळ्या देवीवर पडल्या, लोकांनी चांगभलं केलं, आणि विमान गुऱ्हाळाच्या चिपाडात नाकावर घुसलं.

शांतव्वानं पदर सावरला आणि हात पुढं केला.

"आणा, दादा. बोली ती बोली."

सयाजीनं रिमोट दिला. तिनं तो बॉनेटवर दुसऱ्याशेजारी ठेवला. दोन ७२ उन्हात चमकले. दोघं गडी बघतच राहिले.

"मुंबईचा दुकानदार तुमाला बी हसला व्हता का?" सोमलिंगनं हळूच विचारलं.

"लई हसला," सयाजी म्हणाला.

दोघंही हरले, म्हणून ज्याचा रिमोट त्याच्याकडं परत गेला. क्रिस्टल दोघांपैकी एकानं बदलला असता तर प्रश्न मिटला असता. पण नऊ सोडायचा कुणी? आठवडाभर चावडीवर वाद झाला. फुलं सयाजीची, पण त्यावेळी चालू रिमोट दोन, मग मान कुणाचा, हा वाद तर आजही आहे. शेवटी शांतव्वानंच तोड काढली. वाळवणाच्या दोरीवरचा एक लाकडी चिमटा घेतला आणि त्यावर कोळशानं ७२ लिहिलं. चिमटा ज्याच्या एरियलला, त्यानंच रिमोट चालू करायचा. चिमटा राहणार तिच्या दोरीवर.

तेव्हापासून सयाजीची जीप दर रविवारी जॉबरच्या दारात. "वैनी, चिमटा देता का?" आणि सोमलिंग घरचा असूनही रांगेत दुसरा.

एका रविवारी ती म्हणाली, "चिमटा गावंना. लुगड्यात गेला वाटतं." दोघं अर्धा दिवस कपडे झाडत बसले. तेवढ्यात माळाकडनं इंजिनाचा आवाज आला. दोघं धावत सुटले.

माळावर शांतव्वा पदर खोचून उभी होती. एरियलला चिमटा होता. विमान वर, लांब, सरळ चाललं होतं.

"आमचा नंबर कवा?" सयाजीनं धापा टाकत विचारलं.

"बसा की, पावणं," ती वर बघतच म्हणाली. "आत्ता कुठं दावं सोडलंय."