तेल चढवलं

मला यंत्रातलं कळतं, हा समज सासुरवाडीत मीच पसरवला होता आणि पुढं पुढं माझाही त्यावर विश्वास बसला. खरं सांगायचं तर भंडाऱ्याच्या एका मोटारवाल्याकडे सहा महिने मी चाकं धुतली होती. पण नवेगाव बांधात तेव्हा मोटार एकच, ती माझ्या सासऱ्यांची, आणि चाकं धुतलेला माणूसही एकच. वासरांत लंगडी गाय शहाणी, त्यातली मी गाय.

सासरे धानाचे शेतकरी. तळ्याखालच्या धानाच्या दोन चांगल्या बांध्या विकून त्यांनी ही जुनी सर्व्हिस मोटार घेतली होती. सकाळी माणसं आणि मासोळ्यांच्या टोपल्या भरून अर्जुनीच्या स्टेशनावर न्यायच्या, संध्याकाळी आगगाडीची माणसं घेऊन यायचं. घरजवाई म्हणून चाकावर मी. वर्षभर मी डोक्याला रुमाल बांधून अशा ऐटीत मोटार हाकली की इंजनाच्या पोटात तेल किती उरलं हे बघणं मला हलकं काम वाटू लागलं. मग एक दिवस पुढून ठकठक ऐकू येऊ लागली. मी मागच्या बाईला दरडावलं, तुझं गाडगं नीट धर. तिच्याजवळ गाडगं नव्हतं. अर्ध्या रस्त्यात इंजन एकदा किंचाळलं आणि जागीच बसलं.

बेरिंगं जळली होती. इंजनाचा मोठा दांडा ज्या मऊ धातूच्या खोबणीत फिरतो, ती तेलाशिवाय वितळून गेली. लढाईचे दिवस, तसला धातू कुठं मिळेना. सासरे मला एक शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बांध्या गेल्या, आता मोटारही गेली तर घरात खायला काय, हे मलाही कळत होतं. मी काही अगदीच दगड नव्हतो.

शेवटी ते गोंदियाहून एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घेऊन आले. मुसलमान माणूस, पांढरी दाढी, बोलणं सगळं हिंदीत. त्याच्याजवळ जुन्या बेरिंगांचा धातू जपून ठेवलेला होता. तो त्यानं आमच्या अंगणात चुलीवर वितळवला, ओतला आणि पंधरा दिवस हातानं खरवडून खरवडून दांड्याला बसवला. काम करताना तो मला समजावून सांगायचा आणि मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत "हो, ते माहीत आहे" म्हणायचो. एकदा त्यानं सासऱ्यांना सांगितलेलं मात्र मी नीट ऐकलं. "इसके बाद धातू नहीं है, सेठ. और मेरी आँखें भी नहीं."

मोटार सुरू करायचा दिवस शनिवार निघाला. सासूबाई कुरकुरल्या, शनिवारी काऊन? पण सोमवारी स्टेशनावर मासोळी पोचवायचा शब्द दिलेला होता. शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्रीनं मला बोलावलं. मागवलेला एक सांधा सकाळच्या आगगाडीनं येणार होता, तो आणायला त्याला पहाटे बैलांच्या खाचरानं अर्जुनीला जायचं होतं. जाता जाता त्यानं तेलाचा अर्धा डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "जमाई बाबू, ये उसी के लिए रखा है. सुबह पहले तेल चढ़ाना, अच्छे से. मैं आऊँगा, तब चालू करेंगे."

मला भरून आलं. शनिवार, नवं इंजन, सासूबाईंची कुरकुर, आणि हा परधर्माचा माणूस सांगतो, आधी मारुतीला तेल चढवा. घरात मी ही गोष्ट सगळ्यांना दोनदोनदा सांगितली. सासूबाईंनी तर मिस्त्रीच्या ताटात त्या रात्री तूप जास्त वाढलं. मिस्त्रीला त्याचं कारण कळलं नसावं, पण तूप त्यानं खाल्लं.

शनिवारी सकाळी अंघोळ करून मी डबा घेऊन पारावरच्या मारुतीकडे गेलो. तेल मोटारीचं आहे, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण मला वाटलं, मोटारीसाठी नवस, तर तेल मोटारीचंच हवं. एवढा खोल विचार मी आयुष्यात थोड्याच वेळा केला आहे. डबा पालथा केला. मारुती काळसर हिरवा दिसू लागला. परत आलो तर इंजनाचे प्लग काढून फडक्यात गुंडाळून ठेवलेले दिसले. म्हातारा विसरला असेल म्हणून मी ते नीट बसवून टाकले. तेवढं काम मला खरंच येत होतं.

दहाच्या सुमाराला मिस्त्री आला. अंगणात माणसं जमली होती, सासरे नारळ घेऊन उभे. त्यानं आणलेला सांधा बसवला, प्लग जागेवर आहेत असं पाहिलं आणि मला विचारलं, "तेल चढ़ाया?"

मी म्हटलं, चढवलं.

"पूरा?"

म्हटलं, अख्खा डबा.

"ऊपर तक आया?"

मी म्हटलं, डोक्यापासून पायापर्यंत ओघळलं.

म्हातारा हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि शाबास म्हणाला. मग तो आत चाकाजवळ बसला, मी पुढं हँडल धरलं. सासऱ्यांनी नारळ वर उचलला. माझा दंड ताणला गेला होता, आणि तेवढ्यात माझी बायको पाराकडून आली, मारुतीचं दर्शन घेऊन. तिनं आपल्या वडलांना म्हटलं, "बाबा, मारुतीच्या अंगाले मोटारचा वास येऊन राह्यला."

"हैंडल छोड़ो," आतून मिस्त्री म्हणाला. हळूच म्हणाला, पण तापलेलं असावं तसं मी हँडल सोडलं.

तो उतरला. डबा कुठं रिकामा केला, ते त्यानं मला विचारलं. मी पाराकडे बोट दाखवलं. म्हातारा मोटारीच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तेल चढवायचं होतं ते इंजनाच्या नळ्यांतून वर, त्या नव्या बेरिंगांपर्यंत. इंजनाच्या पोटात तेल होतं, पण बेरिंगं कोरडी; तसंच सुरू केलं असतं तर ती पहिल्याच मिनिटात खरवडून निघाली असती. हे सगळं तो मला आठवडाभर आधी सांगत होता आणि मी "हो, ते माहीत आहे" म्हणत होतो.

सासऱ्यांनी नारळ खाली घेतला. काय झालं म्हणून विचारलं. त्या क्षणी धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

मिस्त्री उठला. "गलती मेरी है, सेठ. मैंने हिंदी में कहा. जमाई बाबू ने वही किया, जो मैंने बोला."

मग त्यानं प्लग परत काढले. इंजनाच्या पोटातलंच थोडं तेल खालून काढून घेतलं, तेल वर ढकलणाऱ्या पंपाचं बूच उघडलं आणि त्यात ओतलं. वर तेलाची जी बारीक नळी जाते, तिचा सांधा सैल केला आणि मला हँडल फिरवायला सांगितलं. प्लग नसल्यामुळे इंजन पेटत नव्हतं, नुसतं फिरत होतं; त्याचसाठी त्यानं ते आधी काढून ठेवले होते. मी फिरवलं, माझ्यानंतर सासऱ्यांनी, मग पुन्हा मी. बऱ्याच वेळानं त्या सांध्याशी एक थेंब फुगला आणि नळीवरून खाली आला. मिस्त्रीनं माझं बोट धरून त्याला लावलं. "इसको कहते हैं, चढ़ना." त्याला चांगलं दिसत नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःचंही बोट लावून खात्री केली.

नारळ फुटला. मोटार दुसऱ्याच झटक्याला सुरू झाली आणि मी रडलो. धुरानं, असं मी सांगितलं.

सोमवारी त्याला गोंदियाच्या गाडीत बसवून आम्ही अर्जुनीहून परत निघालो. चाकावर मी, शेजारी सासरे. निभावलं म्हणून मी मनात खूश होतो, थोडी शीळही घातली. गाव दिसू लागल्यावर सासरे म्हणाले, "वीस वर्सं गोंद्याच्या बजारात धान इकला मी. हिंदी मले समजते, जवाईबापू."

शीळ थांबली. मग त्या वेळी बोलला का नाही, असं मी कसंबसं विचारलं.

"म्हातारा तुमच्यासाठी खोटा बोलला. चार मानसांत त्याले खोटा पाडू काय?"

त्यांनी मोटार थांबवायला सांगितली, मला खाली उतरवलं आणि म्हणाले, तेल किती आहे ते बघा. मी इंजनाचं झाकण उघडलं आणि बघितलं.