मॅडम जीपमधी बसत न्हाईत

मी चालत का आलो, हे तुमी विचारनारच. तर मीच सांगून टाकतो. गावातल्या दुसऱ्या कुनाकडून ऐकलं, तर त्यात मी अजून येडा दिसन. आधी चहा सांगा. साखरेचा सांगा, मी काई आत्या न्हाई.

तर आत्या. माझ्या वडलांची थोरली बहीन, गावाची आक्का, वय सदुसष्ट. तीस वर्षं गावात अंगनवाडी चालवली, रिटायर झाली. आता मानूस रिटायर झाला की बसतो, बरोबर? ही उठली. निळे स्पोर्ट बूट आनले, डोक्याला पांढरी टोपी घातली आन चालायला लागली. आधी मळ्यापर्यंत. मग पुनतांब्यापर्यंत. मग एक दिवस सकाळी दूध तापवून, झाकन ठेवून, शनिशिंगनापूरला गेली. पायी. परत आल्यावर म्हनली, तिथं घरांना दारंच न्हाईत, किती बरं हाय, बाहेर पडताना कडी वाजायची भानगड न्हाई.

आमचे दादा, म्हंजे वडील, बांधावर जायलाबी फटफटी काढत्यात. माझी गाडी. त्यांना हे चालनं अजिबात पसंत न्हाई. लोकं काय म्हनतील, बहिनीला एस्टीचं भाडं देत न्हाई का हा? आन आत्या कुठं पडली-झडली तर?

त्यात आत्यानं नवीन काढलं. आमच्या शेताला ज्या कालव्याचं पानी येतं, तो अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला जिथं सुरू होतो तिथून त्याच्या कडंकडंनं घरापर्यंत चालत यायचं. पाच दिवस. म्हनली, कालवा सपाट असतो, गुडघ्याला बरं, आन चुकायला जागाच न्हाई, पानी जातं तिकडं जायचं.

मी तिथंच बसलो हुतो. मला गप बसता येत न्हाई, हा माझा जुना रोग. म्हनलो, "आत्या, तू पाच दिवस चाललीस ना, तर माझी गाडी वर्षभर तुझ्या दारात लावतो. चावी तुझ्याकडं. मी पायी फिरन."

"आन हारले तर?"

"तर हे बूट मला द्यायचे. परत पायी जायचं नाव काढायचं न्हाई. मधी कुठल्याबी गाडीत बसलीस की हारलीस."

आत्यानं बुटांकडं बघितलं. एखादीनं मंगळसूत्राकडं बघावं तसं. मग म्हनली, "चालंल. पन साक्षीला तू येनार. चालत. बसलेल्या मानसाची साक्ष कोन धरतंय?"

म्हंजे बघा. पैज मी लावली, आन पहिला चालायला लागलो मी.

पहिल्या दिवसाचं काय सांगायचं. आत्या पुढं, तिच्या गळ्यात दोरीनं बांधलेली वही आन पेन. वाटेत दिसंल ते लिहायची. बगळे अकरा. खंड्या दोन. तीस वर्षं रजिस्टर भरलेली बाई, न लिहिता चालनं तिला बिनपगारी वाटतं. मी मागं. दुपारी माझ्या टाचंला बटाट्याएवढा फोड आला. आत्यानं सुईदोरा काढला, फोड फोडला, आन म्हनली की लहानपनी मी लसीलाबी असाच रडायचो.

संध्याकाळी एका गावात थांबलो, शाळेच्या व्हरांड्यात झोपायची सोय झाली. आत्या हातपाय धुवायला गेली. मी टपरीवर बसून हिशेब केला: ही बाई पाच दिवस आरामात चालती. माझी गाडी गेली. हिला कुठल्यातरी गाडीत बसवायलाच पायजे.

टपरीवर किसन म्हनून एक जीपवाला बसला हुता. त्यानं विचारलं, ह्या कोन, वही घेऊन कालव्यावर काय फिरत्यात?

आता मला सांगा, आपल्याकडं साहेब चालताना दिसला तर लोकं काय करत्यात? गाडी आनत्यात. साहेबाला न्हाई, लोकांनाच लाज वाटती. मी आवाज बारीक केला आन म्हनलो, "मॅडम नाशिकवरनं आल्यात. कालव्यातनं कोन चोरून पानी उचलतं ते बघायला. मी काई बोललो न्हाई बरं का."

तुमाला म्हाईत हाय. कालव्यात पाईप टाकून पानी उचलायला परवानगी लागती. आन कालव्यात पाईप कुनाचा हाय? ज्याला परवानगी न्हाई त्याचा, म्हंजे सगळ्यांचा.

किसननं चहा अर्धा ठेवला आन गेला.

सकाळी आमी निघालो तर किसनची जीप व्हरांड्यासमोर उभी. पुसलेली. मागच्या सीटवर चादर. किसन हात जोडून, "मॅडम, बसा ना, पुढपर्यंत सोडतो."

मी जीपचं दार उघडून धरलं. आत्या थांबली. जीपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन किसनला म्हनली, "न्हाई. मी पायीच बघते सगळं."

पायीच बघते. किसनचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. त्यानं लगीच फोन लावला. मला पलीकडून ऐकू आलं: मॅडम जीप घेत न्हाईत. म्हंजे बाकीचंबी काई घेत न्हाईत. आवघड हाय.

तिथनं पुढं ते माझ्या हातात ऱ्हायलं न्हाई.

आमी गावात पोचायच्या आधी बातमी पोचायची. कालव्यावर एकबी पाईप दिसंना. पान्याच्या मोटारी शेवग्याखाली, मक्यात, एकानं तर गोधडीत गुंडाळून बाजेवर झोपवलेली. आत्या थांबून वहीत काहीतरी लिहायची, मान हलवायची, पुढं निघायची. तिनं पेनाचं टोपन काढलं की लांब शेतात चार मानसं खाली बसायची.

आन पाहुनचार! दर फर्लांगाला पान्याचा माठ. जेवायला मासवड्या. तिसऱ्या दिवशी असा पट्टा येनार हुता की मी मनातल्या मनात पेढे वाटले हुते. दोन किलोमीटर नुसती येडी बाभळ, कडंनं वाटच न्हाई. तिथं आत्याला गाडीत बसूनच वळसा मारावा लागनार. गेलो तर काय, जेसीबी फिरलेला. बाभळ साफ. वर मुरूम. मुरमावर पानी शिंपडलेलं, मॅडमच्या पायाला धूळ लागू नये म्हनून.

आत्या म्हनली, "लोकं किती चांगली हायत रं दिप्या."

मी व्हय म्हनलो.

किसनची जीप मागनं चालत्या मानसाच्या वेगानं येतच हुती. म्हनला, मॅडम दमल्या तर? चौथ्या दिवशी तशा चार जीप झाल्या. सगळ्या रिकाम्या. पुढं आत्या ताठ, मधी मी लंगडत, मागं चार रिकाम्या जीप. लांबनं बघनाऱ्याला वाटलं असंल, ह्या पोराला अटक झालीय.

आन एकानंबी मला बस म्हनलं न्हाई. किसनला एकदा सुचवून बघितलं. तो म्हनला, "साहेब, मॅडम चालत्यात आन तुमी बसनार? नोकरी जाईल तुमची."

पाचव्या दिवशी सकाळी दादांचा फोन.

"कुठं हायत तुमी?"

"दुपारपर्यंत पोचतो."

"नीट ऐक. कालव्यावर कोनतरी लेडी साहेब फिरतीय. लई कडक. जीप घेत न्हाई, चहाला बसत न्हाई. मोटारी जप्त करतीय म्हनं, दोघांना आत टाकलं. आत्याला सांग, ती बाई दिसली तर आडबाजूला व्हा. आक्काचं तोंड फटकळ हाय, काहीतरी बोलून बसंल."

आता इथं मी खरं सांगायला पायजे हुतं. दादा, ती बाई म्हंजेच आत्या. एवढं एकच वाक्य. पन त्याच्या मागनं दुसरं वाक्य आलं असतं, की हे उठवलं कुनी. मग मी म्हनलो, "व्हय, आमीबी ऐकलंय."

"मी आपली मोटार काढून मळ्यात नेऊन ठेवतो," दादा म्हनले, आन फोन ठेवला.

कशावर नेऊन ठेवतो, हे मी विचारलं न्हाई. ध्यानात ठेवा.

दुपारी गावाची शीव आली. सगळं गाव कालव्यावर. हातात नारळ, शाल, सरपंच इस्त्रीत. आत्या पुढं गेली तर सरपंच म्हनले, "आक्का, जरा बाजूला सरका, मागनं मॅडम येतायत."

आत्या बाजूला सरकली. सगळे मागं बघायला लागले. मागनं मी आलो. माझ्या मागनं किसन आला आन त्यानं आत्याकडं बोट केलं, "ह्याच की मॅडम."

गावानं माना परत पुढं वळवल्या.

सरपंच म्हनले, "ही आमची अंगनवाडीवाली आक्का हाय. ही मॅडम हाय असं कुनी सांगितलं तुमाला?"

किसननं माझ्याकडं बघितलं. साधा मानूस. म्हनला, "ह्या साहेबांनी. म्हंजे ते काई बोलले न्हाईत."

तेवढ्यात गर्दीतनं दादा पुढं आले. डोक्यापासनं पायापर्यंत भिजलेले, एका पायात चप्पल. आत्यानं विचारलं, "दत्तू, तू आंगुळ कुठं केलीस?"

दादा म्हनले, मोटार हलवत हुतो. मोटार गाडीला मागं बांधली. कालव्याची कड वली हुती. घसरली.

"काय घसरलं?" मी विचारलं.

दादांनी पान्याकडं बोट केलं.

मोटारीला काई झालं न्हाई. मोटार पानबुडी हुती. गाडी पानबुडी नव्हती.

मी पान्यात वाकून बघितलं. काईबी दिसंना. आमच्याकडं कालव्याला पानी सुटलं तरी शेवटाला येईस्तोवर गुडघ्याएवढंच ऱ्हातं, वरची लोकं उचलत्यात ना. गुडघ्याएवढ्या पान्यात गाडी पडली असती तर हँडल तरी वर दिसलं असतं. दोघांनी उचलून काढली असती. पन ह्या टायमाला पानी पुरुषभर. का? कारन वरच्या सगळ्या गावांनी चार दिवस मोटारी बंद ठेवलेल्या. का बंद? तुमी चहा प्या.

आत्यानं माझ्यापुढं हात केला. मी खिशातनं माझ्याकडची चावी काढून दिली; दादांकडची दुसरी गाडीलाच लागून पान्यात गेली हुती. गाडी पान्यात, चावी आत्याकडं.

मग तिनं गळ्यातली वही काढून माझ्या हातात दिली. म्हनली, वाच. पहिल्या दिवसाचं पान: बगळे अकरा, खंड्या दोन, दिप्याचा फोड एक. दुसऱ्या दिवसापासनं पुढं सगळी पानं नुसती श्री, श्री, श्री. वहीभर.

"तुला म्हाईत हुतं?"

"तीस वर्षं माझ्या अंगनवाडीला अचानक तपासनी यायची," आत्या म्हनली. "मॅडम कशी चालती, कुठं थांबती, पेन कवा उघडती, सगळं पाठ हाय मला. मी विचार केला, पोरगं माझ्यासाठी एवढा रस्ता साफ करून घेतंय, तर आपन कशाला मधी बोला?"

सरपंचांनी आनलेली शाल शेवटी आत्यालाच घातली. आमच्या खालच्या शिवारातली लोकं तर तिला सोडंनात, कालव्यातनं त्यांच्या शेतात जाती त्या चारीला लई वर्षांनी भरून पानी आलं हुतं. ते विचारत्यात, आक्का, पुढच्या आवर्तनाला, कालव्याला पानी सुटंल तवा, परत चालनार का? आत्या म्हनली, हा साक्षीला येत असंल तर.

गाडी पानी बंद झाल्यावर निघाली. टाकीत मासे हुते असं दादा सांगत्यात, मला न्हाई वाटत. आता मेकॅनिककडं हाय. तो म्हनतो, दोन महिने तरी जातील.

आता तुमी म्हनाल, पैज वर्षाची हुती, त्यातले दोन महिने तरी असेच सरतील. मीबी आत्याला तेच म्हनलो. ती म्हनली, पैज काय ठरली? गाडी वर्षभर माझ्या दारात. गाडी दारात लागली कुठंय अजून? लागंल त्या दिवसापासनं वर्ष मोजायचं.

म्हंजे आज मी जो सात किलोमीटर चालत तुमच्याकडं आलो ना, ते त्या वर्षात धरलेलंच न्हाई.