खालाच्या माळवदावरची गारवेल

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मुलांपाशी तर नाहीच. एकदा लिहायला बसलो होतो, आणि चार ओळी झाल्यावर पान फाडलं — कारण त्या चार ओळींतही मी स्वतःला बरा माणूस करून ठेवलं होतं. मास्तरकीची खोड, दुसरं काय! आज पुन्हा बसलोय. तुम्ही फक्त ऐका.

निजामाचं राज्य जाऊन आठेक वर्षं झाली होती. लोहाऱ्याकडच्या एका खेड्यात मला मास्तर म्हणून नेमलं. वय बावीस, सडाफटिंग. खोली मिळाली ती खातूनबींच्या घराला लागून. सगळं गाव त्यांना खाला म्हणायचं, मीही म्हणू लागलो. साठीतली विधवा बाई, गुडघे गेलेले, मूलबाळ नाही. आपलं म्हणावं असा एकच — बहिणीचा मुलगा हुसेन.

हुसेनचं काम गावाची माळवदं राखायचं. आमच्याकडं घरांवर कौलं नसत, सपाट मातीची माळवदं असत. पावसाळ्याआधी वरचं गवत उपटायचं, पांढरी माती पसरून चोपायची आणि पाणी जायची पन्हळ मोकळी ठेवायची. एवढं केलं की पिढ्यान् पिढ्या काळजी नाही. पण पाणी वर तुंबलं, की भिजलेल्या मातीचं ओझं तुळयांना पेलत नाही. हे तिथलं शेंबडं पोरही जाणायचं. मीही जाणत होतो. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

मला नाद फुलांचा. आईनं गारवेलीचं बी चिंधीत बांधून दिलं होतं — काळं, तीन कडांचं. ते रात्रभर वाटीत भिजवलं आणि दाराशी पुरलं. आठ दिवसांत कोंब वर आले. श्रावणात तर वेल दोरीवरून सरळ खालाच्या माळवदावर गेली. खाला खूश होत्या. सकाळी सगळी भिंत निळी व्हायची, दुपारी फुलं मिटून गळायची. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. साऱ्या मातकट गावात एक माझंच दार निळं — काय वाटायचं सांगू? आपण कुणीतरी आहोत, असं वाटायचं.

मग एक दिवस खाला काठी टेकत दाराशी आल्या. "मास्तर, तुमची येल लई झ्याक हाय, पर पन्हळीत घुसलीय बगा. पानी तुंबलं तर छत बसंल." काढतो म्हणालो. चार दिवसांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा काढतो म्हणालो. काढली नाही. का? वेलीचा जाड सोट नेमका पन्हळीतूनच वर गेला होता. तिथं कापली असती तर वरचं सगळं दोन दिवसांत वाळलं असतं. आणि पुढच्या आठवड्यात शाळेच्या तपासणीला साहेब येणार होते, चहा माझ्या खोलीवर ठरला होता. आठ दिवसांचा तर प्रश्न — आठ दिवसांत काय होतंय?

तेवढ्यात झड लागली. सूर्य दिसेना. हुसेन शिडी खांद्यावर घेऊन आला, पन्हळ बघतो म्हणाला. मी दारातच उभा होतो. त्याला म्हणालो, सकाळीच मी साफ केली, निसरड्यात वर जाऊ नकोस. तो शिडी घेऊन परत गेला. मास्तर खोटं कशाला बोलेल?

तिसऱ्या दिवशी भरदुपारी आवाज झाला. आम्ही शाळेतून धावलो. खाला डाळ निवडत बसल्या होत्या. माती उपसेपर्यंत सगळं संपलं होतं.

मातीबरोबर वेलही निघाली. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. मी बघितलं. स्वतःच्या हातानं ती पाटीत कोंबली आणि उकिरड्यावर टाकली. साहेब ठरल्या दिवशी आले, चहा प्यायले, गेले.

इथवर तुम्ही म्हणाल — पोरवय होतं, चूक झाली. मीही स्वतःला वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. पण माझं पाप इथं संपत नाही. खरं तर इथून सुरू होतं.

त्या साली हुसेननं पांढरी माती नेहमीच्या जागेवरनं न आणता ओढ्याकाठची आणली होती. गावात कुजबुज सुरू झाली. खालाचा चाळिसावा झाल्यावर तो माझ्याकडं आला. उंबऱ्याबाहेर बसला. बराच वेळ जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, तुमी शिकलेलं हाव. खरं सांगा — माज्या मातीनंच बसलं न्हवं छत?"

एक शब्द पुरला असता. नाही, एवढाच. तेवढं बोलायला काय लागतं? मी म्हणालो, "व्हय हुसेन. माती कच्ची होती." पोराचं चुकलेलं गणित दाखवावं तशा शांत आवाजात म्हणालो. तो "जी" म्हणाला आणि उठून गेला.

त्यानंतर हुसेन कुणाच्या माळवदावर चढला नाही. लोक बोलवायचे, तो हात जोडायचा. पुढं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. मी बदली मागून घेतली.

दहाएक वर्षांनी कळंबच्या मोटारस्टँडवर त्यानंच मला ओळखलं. चाळिशीतच केस पांढरे झालेले. सोबत बायको होती. तिला पुढं करून म्हणाला, "हे आमचे मास्तर. भर झडीत खालाची पन्हळ ह्यांनी सोताच्या हातानं साफ केली व्हती. सलाम कर."

तिनं पदर सावरून मला सलाम केला. मी तो घेतला.